बेशिस्त स्टार खेळाडू: घरी बसवायचा की सांभाळून घ्यायचा?

उन्हाळी टूर्नामेंट तोंडावर आली की आपल्या खान्देशातल्या क्लबांत हमखास एक भांडण निघतं. सगळ्यात जोरात मारणारा फलंदाज सरावाला फिरकत नाही, टॉसच्या वेळी गाडीवरून थेट मैदानात उतरतो आणि कॅप्टनशी त्याचं बोलणं बंद. कमिटीतले अर्धे म्हणतात, बसवा घरी. उरलेले विचारतात, मग सिक्स काय तुम्ही मारणार? यंदा ज्या कमिटीपुढे हा पेच आहे तिच्यासाठी हे लिहितोय. देशांच्या संघांनी दोन्ही रस्ते आधीच तुडवून ठेवलेत.

कडक रस्त्याचं गाजलेलं उदाहरण मोहालीचं. 2013 मध्ये ऑस्ट्रेलिया भारताविरुद्ध हैदराबादची कसोटी एक डाव 135 धावांनी हरली. प्रशिक्षक मिकी आर्थरने प्रत्येकाला सांगितलं, आपला खेळ आणि संघ कसा सुधारेल याचे मुद्दे द्या. वॉटसन, जॉन्सन, पॅटिन्सन आणि ख्वाजा यांनी मुदतीत दिले नाहीत. चौघेही पुढच्या मोहालीच्या कसोटीतून बाहेर. कॅप्टन क्लार्क प्रशिक्षकाच्या पाठीशी होता. एवढ्यावरून नाही, आधीपासून साचलेल्या बेशिस्तीवरून ही कारवाई आहे, असा खुलासा झाला. गोम तिथेच आहे. साचत होतं तेव्हा खमकेपणा दाखवला नाही आणि शिक्षा दिली ती गृहपाठावरून, त्यामुळे जगभर टिंगल झाली. वगळल्यावर उपकर्णधार वॉटसन बाळाच्या जन्मासाठी मायदेशी गेला. पुढे क्लार्कची पाठ धरली आणि दिल्लीच्या कसोटीत कप्तानी त्याच वॉटसनकडे आली! मालिका 4-0 गेली, जूनमध्ये आर्थरची नोकरीही.

त्यामानाने इंग्लंडने 2012 मध्ये आपला स्टार फलंदाज केविन पीटरसनचं प्रकरण बरं हाताळलं. हेडिंग्लेला 149 मारून आलेल्या माणसाला पुढच्याच लॉर्ड्स कसोटीतून वगळलं, कारण समोरच्या दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंना त्याने पाठवलेले मेसेज. सामना हरले, मालिकाही हरले, पण मागे हटले नाहीत. परतीची वाट मात्र मोकळी ठेवली. त्याने माफी मागितली, भारत दौऱ्यावर आला आणि वानखेडेवर 186 ठोकल्या. इंग्लंडने ती मालिका 2-1 जिंकली. (मनं जुळली असं नाही. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची ॲशेस मालिका 5-0 हरल्यावर त्याला कायमचा नारळ मिळाला.)

आता सांभाळून घेण्याचा रस्ता. कुंबळे प्रशिक्षक असताना भारत 17 कसोटींत एकच हरला, तरी कॅप्टन कोहलीशी त्याचं जमेना. जून 2017 मध्ये राजीनामा देताना त्याने लिहिलं, कॅप्टनला माझी पद्धत खटकते हे बोर्डाने मला कालच पहिल्यांदा सांगितलं. गोडीगुलाबीने घेणाऱ्यांचं हे असं होतं: सगळ्या गावाला माहीत, फक्त ज्याला कळायला हवं त्याला नाही.

माझं मत श्रेयस अय्यरच्या प्रकरणाकडे झुकतं. फेब्रुवारी 2024 मध्ये बोर्डाने त्याला आणि ईशान किशनला वार्षिक करारातून वगळलं. देशांतर्गत क्रिकेट खेळा, हा निरोप स्पष्ट होता. अय्यर मुंबईकडून रणजी फायनल खेळला, 95 काढल्या, आणि 2025 ची चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकताना भारताकडून सर्वाधिक धावा त्याच्याच होत्या. त्यानंतर दोघांनाही करार परत मिळाला. फटका बसला, पण परत यायला काय करायचं ते माहीत होतं.

क्लबाकडे करार नसतो, पण फायनलच्या बक्षिसातला वाटा असतो, बॅटिंगचा नंबर असतो. त्यावर नियम लावा, आणि ते टूर्नामेंटची एन्ट्री फी भरायच्या आधी. अचानक उगारलेला बडगा कोणी मानत नाही. पहाटेपर्यंत रावेरला केळीची गाडी भरून सकाळच्या सरावाला न आलेला बॉलर आणि झोपून राहिलेला ओपनर एकाच मापाने मोजू नका. पहिल्याला सरावाची वेळ बदलून द्या. दुसऱ्याशी आधी कॅप्टनने एकट्याने, समोरासमोर बोलावं, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. तरी नाही आला तर पहिली मॅच बाहेर, दुसरीला यायचं असेल तर आदल्या दोन सरावांना हजेरी. आणि कॅप्टनच ठाम नसेल तर बसवायच्या भानगडीत यंदा पडूच नका.