घरी अटेंडंट पुरवणाऱ्या पुण्यातील एका ब्युरोची सेवा : माणसांना पाचपैकी साडेचार, करारपत्राला दोन

खुब्याच्या हाडावरील शस्त्रक्रियेनंतर आईला घरी सोडण्यात आले, तेव्हा तिचे वय आणि हाडांची अवस्था पाहता काही आठवडे तिला अंथरुणातच राहावे लागेल आणि लघवीची नळीही काही काळ ठेवावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्यामुळे पुण्यातील एका ब्युरोमार्फत दिवसपाळी आणि रात्रपाळीसाठी आम्ही दोन अटेंडंट ठेवल्या. ब्युरोचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवा मी सांगणार आहे त्या या एकाच कचेरीच्या असतील असे मला वाटत नाही. बारा तासांच्या पाळीचे नऊशे रुपये, आगाऊ नोंदणी शुल्क वेगळे, आणि नऊशेपैकी अटेंडंट ताईंच्या हाती सहाशे, असा तेथील व्यवहार आहे.

ब्युरोच्या जाहिरातीत ‘प्रशिक्षित नर्स’ असे छापलेले असते. प्रत्यक्षात घरी येतात त्या नर्सिंग असिस्टंट, आणि या दोहोंत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. नर्स म्हणून काम करण्यासाठी एएनएमचा दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा किंवा बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि त्या नोंदणीचा क्रमांक मिळतो. आमच्याकडे आलेल्या दोघींपैकी एकीने ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ हा काही महिन्यांचा कौशल्य अभ्यासक्रम केला होता आणि दुसरी एका खाजगी रुग्णालयात आयाचे काम करून शिकलेली होती. दोघींच्याही हाताला उत्तम वळण होते, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच, की त्यांनी काय करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे ब्युरोच्या दोन पानी करारात कुठेही लिहिलेले नव्हते. दागिने आणि रोकड यांची जबाबदारी ब्युरोची नाही, ब्युरोला वगळून परस्पर कामावर ठेवल्यास एक महिन्याचे पैसे भरावे लागतील, आठवड्याच्या आत बदली मागितल्यास शुल्क पडेल, अशी कलमे मात्र ठळक अक्षरांत होती.

या त्रुटीचा अर्थ काय होतो, हे इंजेक्शनच्या वेळी कळले. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटाच्या कातडीखाली रोज एक इंजेक्शन द्यायचे होते. पर्यवेक्षकाला फोन केला तेव्हा त्याने, ‘आमच्या सगळ्या मुली देतात, तिला सांगा,’ असे मोकळेपणाने सांगितले. दिवसपाळीच्या ताईंनी फोन कानाशी धरून सगळे ऐकून घेतले, फोन माझ्याकडे परत दिला आणि म्हणाल्या, “ताई, मी सिस्टर नाही. आजींना सुई मी टोचणार नाही. उद्या काही झालं तर ब्युरो नाही येणार पुढे, मलाच विचारतील.” त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वैद्यकीय प्रक्रिया करताना असे घडल्यास दोन वर्षांची कमी मर्यादा आहे, पण ती फक्त नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी. म्हणजे डॉक्टरला मिळणारी सवलत अटेंडंटला नाही, आणि पर्यवेक्षकाच्या तोंडी आदेशाचा कागदोपत्री पुरावाही नाही. नोंदणीकृत नर्स वेगळे पैसे देऊन बोलवावी लागली, आणि ते योग्यच झाले. सहाशे रुपये घेणाऱ्या बाईने आपल्या कामाची सीमा ओळखावी आणि तीनशे रुपये घेणाऱ्या संस्थेने ती ओलांडायला सांगावी, हे मात्र मला अजून पटलेले नाही.

सीमेच्या अलीकडचे काम किती मोठे आहे, हेही याच सेवेत पाहायला मिळाले. दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचांखाली काही टेकू नये म्हणून पोटऱ्यांखाली उशी सरकवणे, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकता टांगणे, पिशवी रिकामी करण्यापूर्वी आणि नंतर हात धुणे, स्पंजिंग करताना शरीराचा जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवणे, ही सारी कामे कोणीही न सांगता होत होती. रात्रपाळीच्या ताई शाळेच्या वहीत रेघा मारून वेळ, कूस, पाणी, लघवी असे रकाने भरत. एका पहाटेच्या नोंदीत ‘४ वा., उजवी कूस, माकडहाडावर लाल, दाबलं तरी लाल’ असे लिहिलेले होते. दाबल्यावरही लाली जात नसेल तर ती शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी असते, आणि अशी जागा चोळायची नसते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी पावडर लावून ती झाकली नाही, सकाळी मला उठल्याउठल्या दाखवली. हवेची गादी त्याच दिवशी आणली आणि कातडी फाटण्यापूर्वी बरी झाली. अटेंडंटच्या नैतिक जबाबदारीबद्दल भाषणे पुष्कळ देता येतील, परंतु जे दिसले ते लिहायचे आणि लपवायचे नाही, हे त्या ओळीत जेवढे होते तेवढे पुरेसे आहे. ही वही ब्युरोने दिलेली नव्हती, हेही येथे नोंदवते.

रात्रपाळीच्या ताई सुट्टीवर असताना आलेल्या बदलीच्या बाईंबाबत अनुभव वेगळा आला. शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना रात्री जो संभ्रम होतो तो आईलाही होत असे आणि ती नळी ओढू पाहत असे. बदलीच्या बाईंनी तिचा उजवा हात क्रेप बँडेजने पलंगाच्या कठड्याला बांधून ठेवला होता. मनगटावर वळ उठले होते. ब्युरोचे उत्तर असे, की ‘पेशंट हात घालतात, बांधावेच लागते’. रुग्णाला बांधणे हा वैद्यकीय निर्णय आहे. तो डॉक्टरने कारण नोंदवून, घरच्यांना विचारून, कमीत कमी वेळासाठी घ्यायचा असतो, अटेंडंटने झोप मिळावी म्हणून नव्हे. माणसाला बेकायदा अडकवून ठेवणे हा न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे, आणि ती व्यक्ती आजारी किंवा गोंधळलेली असल्याने तो गुन्हा सौम्य होत नाही. तरीही त्या बाईंवर सगळा राग काढणे मला अन्याय्य वाटते, कारण एका घरची दिवसपाळी संपवून त्या थेट आमच्याकडे आल्या होत्या आणि ब्युरोला ते माहीत होते. सलग चोवीस तास जागणाऱ्या माणसाकडून संयमाची अपेक्षा करणारी व्यवस्थाच मुळात सदोष आहे.

छायाचित्रांचा प्रकार मात्र पूर्णपणे ब्युरोच्या खात्यावर जातो. हजेरीचा पुरावा म्हणून रोज सकाळी रुग्णासह स्वतःचा फोटो ब्युरोच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा, असा तेथे नियम होता, आणि त्या गटात पन्नासेक अटेंडंट होत्या. माझी आई, विस्कटलेले केस, नळी, औषधांचे टेबल, हे सारे अनोळखी लोकांच्या फोनमध्ये रोज जात होते. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगितले आहे, आणि स्पंजिंगच्या वेळी असा फोटो निघाला असता तर तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई पर्यंत, म्हणजे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेपर्यंत, जाऊ शकला असता. त्यातही आरोपी ठरली असती ती फोटो काढणारी बाई. लेखी हरकत घेतल्यावर आमच्यापुरता हा नियम बदलला आणि वहीच्या पानाचा फोटो चालू लागला, तोही मला फारसा रुचला नाही.

वेळ पाळण्याच्या बाबतीत ब्युरो कच्चा आहे. सकाळी आठला येणारी बाई एकदा आलीच नाही, तेव्हा रात्रपाळीच्या ताई अकरापर्यंत थांबल्या. दुबळ्या, असहाय माणसाची शुश्रूषा करण्याचा कायदेशीर करार ज्याने स्वीकारला आहे त्याने ती जाणूनबुजून टाळणे हाही गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत त्यासाठी ४९१ वे कलम होते, आता न्याय संहितेत ३५७ वे आहे, आणि त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. ताईंना यातले काही माहीत नव्हते. आजींना एकटे सोडून कसे जायचे, एवढेच त्या म्हणाल्या. त्या तीन तासांचे पैसे द्यायला ब्युरोने नकार दिला. ते आम्ही दिले.

घरच्यांकडूनही या सेवेत काही देणे लागते, आणि ब्युरो ते ग्राहकाला सांगत नाही. हातमोजे आणि साबण आपण पुरवायचे, जड रुग्णाला एकटीने उचलायला लावायचे नाही, जेवणाला आणि पाठ टेकायला वेळ द्यायचा, धुणीभांडी गळ्यात मारायची नाहीत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहते घरही ‘कामाचे ठिकाण’ मानले आहे, हे अटेंडंट ठेवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने वाचलेले बरे. पैशांच्या बाबतीत दोघी काटेकोर होत्या. आईने उशीखालून काढून दिलेली पाचशेची नोट एकीने मला दाखवून परत ठेवली.

‘रुग्णाच्या प्रकृतीस ब्युरो जबाबदार राहणार नाही’ या कलमाने घाबरून जाण्याचे कारण नाही. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अनुचित करारांविरुद्धही तरतूद आहे. आम्हाला तिथवर जावे लागले नाही. महिनाअखेरीस पैसे देण्यापूर्वी मी एक पानाचे पत्र पाठवले: इंजेक्शन, सलाईन आणि नळी बदलणे ही कामे अटेंडंट करणार नाही; डॉक्टरच्या लेखी सूचनेशिवाय रुग्णाला बांधणार नाही; फोटो काढणार नाही; सलग दोन पाळ्या करणार नाही; रोजची नोंदवही ठेवेल. ब्युरोने दोन दिवस घेतले, पाळ्यांच्या अटीवर थोडी घासाघीस केली आणि शिक्का मारून पत्र परत पाठवले. नव्या ग्राहकाला असा कागद ब्युरो आपणहून देत नाही, परंतु नोंदणीच्या वेळीच मागितला तर मिळतो, असे तेथील कारकुनाने मला सांगितले आहे.