सांबरा विमानतळाला चार स्टार, पण परदेशी जायचं तर दोनच

आधीच सांगून टाकतो, आमच्या बेळगावचा सांबरा विमानतळ मला आवडतो, म्हणजे खरंच आवडतो, उगाच गावाचा अभिमान म्हणून नाही. टिळकवाडीतून निघालं की गांधीनगर, मुतगा करत ट्रॅफिक नसेल तर अर्ध्या तासात गेटवर, आत चेक-इनला लाईन छोटी, सिक्युरिटीला ट्रेसाठी धक्काबुक्की नाही, आणि सोडायला आलेली माणसं बाहेर काचेला नाक लावून अजून हात हलवत असतात ते आतून दिसतं. धावपट्टी मूळची 1942 ची, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सच्या काळातली, शेजारी आपल्या हवाई दलाचं ट्रेनिंग स्कूल, आणि आत्ताचं टर्मिनल 2017 चं. स्वच्छ आहे, स्टाफ मराठी-कन्नड-हिंदी तिन्हीत बोलतो. मागच्या वेळी स्कॅनरमधून माझी बॅग गेल्यावर तिथला माणूस स्क्रीनवरचा गोल डबा बघून फक्त "कुंदा?" (आमच्या बेळगावची मिठाई) म्हणाला, मी हो म्हटलं, संपला विषय. पुढच्या मोठ्या विमानतळावर तोच डबा उघडून, वास घेऊन, वरच्या साहेबाला दाखवून मग सोडला.

तर बंगळूर, हैदराबाद, मुंबईला जाणाऱ्यांनी डोळे झाकून इथूनच जावं.

आता मुद्दा परदेशाचा. भाऊ शारजाला असतो, आईबाबांना त्याच्याकडे पाठवायचं होतं. जाताना फार त्रास नाही, एकाच पीएनआरवर तिकीट असेल तर बॅग बहुतेक वेळा सांबऱ्यातच शेवटपर्यंत टॅग होते, मधल्या विमानतळावर फक्त इमिग्रेशन आणि सिक्युरिटी. खरी परीक्षा येताना. भारतात जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच बॅगा घ्यायच्या, कस्टम्समधून बाहेर यायचं, परत बॅगा द्यायच्या, परत सिक्युरिटी. तिशीतल्या माणसाला हे काहीच वाटत नाही पण बाबांचा गुडघा आणि आईचं हिंदी दोन्ही बेताचंच, त्यात पहिलं विमान लेट, बेळगावचं विमान गेलं, आणि दोघं रात्रभर खुर्चीत बसून. काउंटरवरच्या मुलीने दुसऱ्या दिवसाचं तिकीट दिलं पण खोलीचं नाव काढलं नाही. आई घरी आल्यावर म्हणाली, "एवढं करून लोक कशाला तिकडं जाऊलालेत की."

म्हणून मग सगळे मोपाला, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळाला पळतात. जानेवारी 2023 मध्ये मोपा सुरू झालं, 2024 ला कतार एअरवेज पण गोव्याचं जुनं विमानतळ दाबोळी सोडून तिकडे गेली. बेळगावातून तीन-साडेतीन तास धरायचे. जांबोटी, कणकुंबी करून चोर्ल्यातून उतरा नाहीतर शिनोळीवरून आंबोली, सावंतवाडी, बांदा. आंबोलीवरून गेलं तर एका टॅक्सीत कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तीन राज्यं होतात आणि ड्रायव्हर प्रत्येक राज्याच्या परमिट-टॅक्सचं गाणं वेगळं गातो, शेवटी भाडं ऐकून वाटतं याच्यात मुंबईचं विमान आलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात धुकं आणि खड्डे, पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्रीच निघायचं. आणि मुंबई म्हणजे रात्रीची स्लीपर, सकाळी डोळे चोळत विमानतळाचं टी-टू टर्मिनल शोधायचं. तरुण पोरं करतात, चालतंय.

त्यामुळे बेळगावातून थेट आखाती विमान पाहिजे ही मागणी मला हौसेची वाटत नाही. खानापूर, निपाणी, पलीकडे चंदगड, गडहिंग्लज, या पट्ट्यातली पोरं आखातात कामाला आहेत. केएलई संस्थेच्या मेडिकल अभ्यासक्रमात मलेशियाचे विद्यार्थी शिकून गेलेत. उद्यमबागेच्या फौंड्र्यांचा माल बाहेर जातो, आणि हत्तरगीच्या एकस कंपनीत तर विमानांचे सुटे भाग बनतात. म्हणजे आपल्या जिल्ह्यात विमानाचे पार्ट होतात आणि आपण विमान पकडायला घाट उतरून गोव्याला जातो, काय बोलायचं!

पण मागणी करणाऱ्यांचं एक पटत नाही. प्रत्येक निवेदनात "दुबई विमान सुरू करा" एवढंच. अहो, दुबईचा कोटा दोन देशांच्या करारात ठरलेला आहे, दोन्ही बाजूला आठवड्याला साधारण 65 हजार सीटा, तो कित्येक वर्षं वाढलेला नाही, आणि मोठी शहरंच त्यासाठी भांडतात. शारजा, अबुधाबीचे कोटे वेगळे आहेत, ते निवेदनात लिहायला काय जातंय? धावपट्टी आखूड आहे म्हणून जमत नाही, हे कारण पण अर्धंच खरं. सांबऱ्याची 2300 मीटर, मंगळूरची 2450, आणि मंगळूरहून आखाती विमानं केव्हापासून चालूच आहेत. फरक असा की आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर, उन्हाळ्यात हवा विरळ, मग पूर्ण भरलेलं विमान उचलताना वजन कमी करावं लागतं. ती अडचण खरी आहे, पण ए-320 सारखं मोठं विमान उतरूच शकत नाही असं कोण म्हणत असेल तर त्याने जरा माहिती घ्यावी.

माझ्या मते खरा अडसर कागदाचा. कस्टम्स कायदा 1962 च्या कलम 7 खाली विमानतळ अधिसूचित व्हावा लागतो, इमिग्रेशनची चौकी लागते, आरोग्य तपासणी लागते. हे नसेल तर विमान कंपनी बोलणीच कशाला करेल? आणि हे सगळं मिळूनही भागत नाही, कन्नूर बघा. 2018 ला सुरू झालेला, 3050 मीटरची धावपट्टी, घरटी एक माणूस आखातात, तरी परदेशी कंपन्यांना तिथे उतरायची परवानगी दिलेली नाही, सगळा भार आपल्याच कंपन्यांवर. आपण तर मोपा आणि हुबळीच्या मध्ये अडकलोय. 10 मार्च 2024 ला पंतप्रधानांनी बेळगाव आणि हुबळी दोन्हीकडच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी एकाच दिवशी केली, त्यामुळे आता दोन्ही गावांत आधी कुणाला याची शर्यत लागणार हे वेगळं सांगायला नको.

मी असतो तर निवेदनात आधी कस्टम्स-इमिग्रेशन लिहिलं असतं, नव्या टर्मिनलच्या नकाशातच त्याची जागा ठेवा म्हणून, आणि मग भारतीय कंपनीकडून आठवड्याला दोन शारजा. रोजचं विमान मागून रिकामं उडवलं तर सहा महिन्यात बंद पडेल आणि परत दहा वर्षं कोण विचारणार नाही. आणि तोपर्यंत निदान संध्याकाळचं बेळगावचं विमान आखातातून येणाऱ्यांना सापडेल अशी वेळ लावा, याला कुठला कोटा लागत नाही.

सध्या जाणाऱ्यांसाठी: तिकीट एकाच पीएनआरवर काढा, दोन वेगळी स्वस्त मिळाली तरी नको. येताना मध्ये चार तास तरी ठेवा, वयस्कर असतील तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगा, ती माणसं बॅगा पण काढून देतात. पावसाळ्यात मोपाला जायचं असेल तर निघायच्या आधी घाट चालू आहे का ते टॅक्सीवाल्याला सोडून दुसऱ्या कुणाला तरी विचारा.