मोरपंखी, जांभळा की राणी: डेव्हलपर २० चा घ्यावा की ३० चा?

केस मोरपंखी किंवा जांभळे करायचे ठरले की सोलापुरात नवी पेठेतल्या कॉस्मेटिकच्या दुकानात पहिला प्रश्न येतो: "डेव्हलपर कितीचा देऊ?" डेव्हलपर म्हणजे ब्लीच पावडरीत किंवा कायमस्वरूपी रंगात कालवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. असे भडक रंग बहुतेक वेळा थेट केसावर बसणारे असतात, त्यांना डेव्हलपर लागतच नाही. तो त्यात मिसळला तर रंग बिघडायचीच भीती. डेव्हलपर लागतो त्याच्या आधी, ब्लीच पावडर कालवायला, कारण काळ्याभोर केसावर नुसता निळा लावला तर तो भर उन्हातसुद्धा धड दिसत नाही.

बाटलीवर त्याची ताकद कधी व्हॉल्यूममध्ये छापलेली असते, कधी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या टक्केवारीत. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२.

४० चा विषय आधी संपवते. घरी तो आणूच नका. युरोपात केसांच्या उत्पादनांसाठी १२ टक्के ही कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा आहे, म्हणजे ही बाटली त्या टोकावरच उभी आहे. ब्लीच पावडर स्वतःच जोरदार असते. तिच्या जोडीला एवढा कडक डेव्हलपर टाळूवर आला तर कातडी भाजते.

१० चा उपयोग आहे, पण आधीच उजळलेल्या केसांना: टोनर, म्हणजे उरलेला पिवळेपणा मारणारा हलका रंग, लावायला किंवा जुना फिकटलेला रंग हलक्या हाताने काढायला. मूळच्या काळ्या केसावर त्याने फारसं काही हलत नाही.

खरा पेच २० आणि ३० मध्ये आहे. ३० चं आकर्षण एकच, वेग. काळा केस उजळताना आधी लालसर तपकिरी होतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा. ३० ही वाट लवकर कापतो, पण तेवढ्याच जोरात केसाचं वरचं आवरण उघडतो. असा पोकळ झालेला केस रंग पटकन पितो आणि तितक्याच पटकन सोडतो. इतका खटाटोप करून जांभळा काही धुण्यांतच राखाडी झाला तर काय उपयोग? २० हळू जातो. एका बैठकीत कदाचित नारिंगीवरच थांबेल. मग मध्ये काही आठवडे जाऊ देऊन दुसरी बैठक करावी लागेल. तरीही माझं मत ठामपणे २० च्या बाजूने आहे, आणि सोलापुरात तर जास्तच. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो आणि उष्णतेने ब्लीचचा वेग आपोआप वाढतो. बंद खोलीत, डोक्याला प्लॅस्टिक गुंडाळून ३० लावला तर तो कधी हाताबाहेर गेला ते कळतही नाही.

३० ला जागा आहे ती जाड, निरोगी, कधीच रंग न लावलेल्या केसांच्या मधल्या लांबीवर, टाळूपासून दूर, तेही अनुभवी पार्लरवाल्या ताईंच्या हातून. मुळांना २० च, आणि तोही सगळ्यात शेवटी. टाळूच्या उबेने मुळं आधी उजळतात, त्यामुळे ब्लीच त्यांना पहिल्यांदा लावलं तर मुळं पिवळी आणि टोकं नारिंगी असा प्रकार होतो.

मुळात केस किती उजळायचे हे रंगावर ठरवा. राणी किंवा लाल रंगाला नारिंगी-पिवळ्यावर थांबलं तरी चालतं. मोरपंखीला बराच पिवळा उतरवावा लागतो, आणि फिकट गुलाबीला तर केळ्याच्या सालीपर्यंत जावंच लागतं. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांना मी राणीच सुचवीन. ब्लीच अजिबात नको असेल तर वाइन किंवा बर्गंडीचा कायमस्वरूपी रंग घ्या. त्यात मात्र डेव्हलपर लागतो, आणि न रंगवलेल्या केसावर २० पुरतो. झळक कमी असते, पण केस शाबूत राहतात.

मेंदी लावत असाल तर इथे थांबा. काही काळ्या मेंद्यांत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइड लागताच केस गरम होऊन तुटू शकतात. कानामागची एक बारीक बट कापून तिच्यावर ब्लीच लावून बघा. बट गरम लागली किंवा ओली असताना रबरासारखी ताणली गेली, तर बेत रद्द. बट ठीक निघाली तर ती किती वेळात कुठल्या रंगाला पोचते ते दर दहा मिनिटांनी बघा. तुमच्या केसाला २० पुरतो का, याचं उत्तर तिथेच मिळतं. रंगाची ॲलर्जी चाचणीही ४८ तास आधी करा.

आणि रंग चढल्यावर पाण्याकडे लक्ष द्या. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत येतं आणि गरम पाण्यात हे रंग धो धो उतरतात. केस धुवायचं पाणी पहाटेच बादलीत काढून सावलीत ठेवा. बोअरचं जड पाणी शक्यतो टाळा.