ओढ्यावरील बंधाऱ्यासाठी पाइप आणि जाळीचा पिंजरा : वापरानंतरचे परीक्षण

खानापूर तालुक्यातील आमच्या शिवारात पावसाळा सरला की मातीने भरलेल्या सिमेंटच्या पोत्यांचा बंधारा ओढ्यावर घातला जातो, आणि त्यावरून दरवर्षी तोच वाद उभा राहतो. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांना पाणी जितके चढेल तितके हवे असते. वरच्या अंगाला मात्र भातकापणीनंतर पेरलेल्या मसुरात ओल चढून पीक पिवळे पडते, आणि मग एखाद्या रात्री कोणीतरी पोती ओढून काढतो. हा वाद मिटवण्यासाठी गेल्या हंगामात आम्ही बंधाऱ्यात पाणीपातळी राखणारा पाइप बसवला. बेळगावात मिळणाऱ्या साहित्यातून तो जुळवता येतो, म्हणून त्याचे गुणदोष येथे मांडत आहे.

ही युक्ती मुळात बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या, कुरतडणाऱ्या प्राण्याच्या बांधांवर तोडगा म्हणून निघाली. हा प्राणी आपल्याकडे नाही. तो उत्तर अमेरिकेत आणि युरोपात आढळतो आणि फांद्या, चिखल व दगड रचून ओढे अडवतो. लोकांनी बांध फोडला तर तो बहुधा रात्रीत पुन्हा बुजवतो, कारण वाहत्या पाण्याचा आवाज आला की तेथे भर घालणे हा त्याचा स्वभावच आहे. प्राणी पकडून हलवले तरी चांगल्या जागी दुसरे कुटुंब येऊन राहते. म्हणून तेथील लोकांनी बांध न फोडता त्यातून पाइप काढला आणि त्याचे तोंड वरच्या बाजूस, बांधापासून दूर, खोल पाण्यात जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले. त्यामुळे पाणी कोठून निसटते ते बीव्हरला उमगत नाही. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठाचा अशा पाइपाचा आराखडा प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात ऑटर नदीवर २०१५ ते २०२० या काळात बीव्हरांचा अभ्यास झाला, तेव्हा बांधांमुळे खालच्या वस्तीकडे येणारा पुराचा लोंढा सौम्य झाला, पण वरच्या काही शेतांत पाणी साचले. फायदा एकाला आणि झळ दुसऱ्याला, हे दुखणे आमच्या ओढ्याचेच आहे, आणि म्हणूनच तोडगाही तेथून घेण्याजोगा वाटला.

आम्ही सहा इंची काळा एचडीपीई (चिवट, लवचिक प्लास्टिकचा) पाइप घेतला. पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो आणि वळत नाही. एचडीपीई ओढ्याच्या वळणाप्रमाणे बसतो, परंतु तो पाण्यावर तरंगतो. त्यासाठी पाइपाच्या वरच्या अंगाला थोड्या थोड्या अंतरावर बारीक भोके पाडावीत, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते, आणि शिवाय नायलॉनच्या दोरीने दगड बांधावेत. बंधाऱ्यात पाइप ज्या उंचीवर बसतो तीच पाण्याची पातळी ठरते: त्याहून वर चढलेले पाणी आपोआप खाली जाते, त्याखालचे साठून राहते. पिंजरा वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी सळ्यांचा करून घेतला व त्यावर जाळी लावली. तो जितका मोठा तितके उत्तम, कारण पाणी सगळीकडून हळूहळू आत येते आणि पालापाचोळा एका ठिकाणी ओढला जात नाही.

हंगामभर पातळी ठरल्या जागी राहिली, मसूर वाचला आणि खालच्या विहिरींनाही पाणी टिकले. या कामात पाइप कसोटीला पूर्ण उतरला. दोष मात्र आहेत. बांबूची पाने जाळीला चिकटतात, ती दर आठवड्याला हाताने काढावी लागतात. त्याहून त्रासाचे म्हणजे खेकडे: पाइप आणि पोत्यांच्या मधल्या मातीत ते बिळे पाडतात, पाइपाच्या बाहेरून बारीक धार सुरू होते आणि लक्ष दिले नाही तर ती बंधारा पोखरते. चिकणमाती पाण्यात मळून पाइपाभोवती ठासून भरल्यावर ही गळती थांबली. नुसती ओढ्यातील वाळूमिश्रित माती येथे चालत नाही.

पावसाळ्यात याचा काहीही उपयोग नाही. कणकुंबी-जांबोटीकडे पडणाऱ्या पावसाचा लोंढा सहा इंची पाइपातून जाणार नाही, म्हणून मिरगाच्या आधीच पाइप, पिंजरा आणि पोती काढून घ्यावीत. बेळगावच्या बळ्ळारी नाल्यासारख्या गाळाने व केंदाळाने भरलेल्या मोठ्या प्रवाहावर तर हे साहित्य नेऊच नये. तेथील शेतकऱ्यांची भाते बुडतात त्याला नाल्याची सफाई हाच उपाय आहे. बारमाही झरणाऱ्या लहान ओढ्यासाठी मात्र मी हा पाइप निःसंकोच सुचवेन. मोठा खर्च पाइपाचाच आहे, आणि तो वरच्या व खालच्या दोन्ही अंगांनी मिळून करावा, कारण ज्याने पैसे घातले तो पोती ओढायला जात नाही. पाइपाची उंची ठरवताना वरच्या शेताच्या मालकाला प्रत्यक्ष ओढ्यावर बोलवावे, त्याच्या सर्वांत सखल वाफ्यापासून हातभर खाली खूण करावी, आणि त्या खुणेवरच पाइप बसवावा.