रियाजाला काय घ्यावं: मशीन, ॲप की तबल्याचे सर?

नाशिकच्या गंगापूर रोडला गाण्याचा क्लास सुटायची वाट बघत उभं असलं की कुणीतरी हमखास विचारतं, पोरीला घरी रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा-तबला घेऊ का मोबाइलमधलं ॲपच पुरे? आमच्याकडे दोन्ही झालंय, सासूबाईंचा मिरजेचा तानपुराही आहे आणि आठवड्यातून एकदा तबल्याचे सर घरी येतात, तर माझं मत एकदाच लिहून टाकते.

आधी तानपुरा. तानपुरा ड्रॉइडसारखं ॲप फुकट मिळतं, काळी एक म्हणा काळी चार म्हणा, कुठल्याही पट्टीत (म्हणजे पेटीच्या ज्या स्वराला षड्ज धरून गायचं त्यात) लागतं, मालकंस रागाला पंचमाऐवजी मध्यम, मारव्याला निषाद, बोट फिरवलं की झालं. पण फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज, म्हणजे अगदी खालचा सूर, येतच नाही हो. काळी एकचा खालचा षड्ज लावला की फोन तिथे नुसता किणकिणतो. म्हणजे चांगला स्पीकर आलाच, मग फुकट कसलं? मशीनचा स्पीकर मोठा असतो, मधेच कुरिअरवाल्याचा फोन येत नाही आणि मुलगी "तानपुराच लावतेय" म्हणत रील बघत बसत नाही. (आमच्याकडे बसली आहे.)

खरा तानपुरा मात्र वेगळंच प्रकरण. डिसेंबरात नाशिकची कोरडी थंडी पडली की खुंट्या घसरतात, खडू लावा, परत लावा, वीस मिनिटं गेली. पण जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधायचा तो गुंजणारा नाद, नीट लागली की षड्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो ना, त्या वीस मिनिटांत कान तयार होतो. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा साधारण १४ सेंट (पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले १४) चढा असतो, हे मला पेटीवर गाऊन दहा वर्षांत कळलं नव्हतं. गायक विष्णु दिगंबर पलुस्करबुवांनी पंचवटीत आश्रम काढला त्या गावात निदान एकदा तरी पोराला खरा तानपुरा लावायला बसवा, विकत नाही घेतला तरी चालेल.

आता तबला, खरी गोम इथे आहे. विलंबित, म्हणजे संथ, एकताल मिनिटाला १५ मात्रांच्या लयीत लावला तर १२ मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, ४८ सेकंदांचं होतं, एवढा वेळ मनात धरून ठेवायचा आणि नेमकं समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं. ॲपवर मात्रेचा आकडा पेटतो. मुलगी दोन महिने मस्त समेवर येत होती, मी खूश, आणि सर आले त्या दिवशी नवव्या मात्रेपासूनच बावरली, कारण ती ठेका, म्हणजे तबल्याचे ठरलेले बोल, ऐकतच नव्हती, आकडे वाचत होती! तेव्हापासून फोन उपडा ठेवायचा आणि हाताने मात्रा धरायच्या हा घरचा नियम. पहिले तीन-चार दिवस रडारड झाली, मग कान उघडले. मशीनवर हे त्यातल्या त्यात बरं, स्क्रीन छोटी आणि आपण ती बघत बसत नाही.

पण म्हणून सर म्हणजे सगळ्यात भारी असंही नाही बरं का. चांगला तबलजी सांभाळून घेतो, तुम्ही अर्धी मात्रा ओढलीत की तोही हळूच ओढतो, आपल्याला वाटतं जमलं. मशीन कुणासाठी थांबत नाही, चूक उघडी पडते. म्हणून द्रुत तीनतालात ताना घोटायला मला मशीनच आवडतं. विलंबितात ठेका कसा भरायचा, गाणारीला कुठे जागा द्यायची, हे मात्र माणसालाच कळतं.

पुण्याच्या संदीप रानडेंचं नादसाधना आहे, २०२१ ला ॲपल डिझाइन अवॉर्ड मिळालेलं, ते तुमचं गाणं ऐकून साथ करतं आणि सूर कुठे हलला ते दाखवतं. भारी आहे, पण त्यासाठी आयफोन किंवा आयपॅड हवा. आणि असल्या ॲपला ब्लूटूथ हेडफोन लावू नका. १६० च्या लयीत एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची, ब्लूटूथ आरामात दीडशे-दोनशे खातो, म्हणजे तुम्ही जवळजवळ अर्धी मात्रा मागे. साधा वायरवाला घ्या. ऑनलाइन क्लास असेल तर झूममध्ये ओरिजिनल साऊंड चालू करा, नाहीतर ते तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून गाळून टाकतं.

सुरुवातीच्या परीक्षा देणारं पोर असेल तर ॲप, बरा स्पीकर आणि आठवड्याला एक दिवस सर, एवढ्यावर भागतं. मध्यमा परीक्षेच्या पुढे गेलं, रोज तासभर बसणारं असलं, तर मशीन घ्या. दुकानात मात्र नुसतं "चालू करून दाखवा" म्हणू नका, आपल्या पट्टीत लावायला सांगा, खर्जाची तार एकटी ऐका आणि तबला १५ वर आणून एक पूर्ण आवर्तन तिथेच उभं राहून हाताने मोजा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या.