तळपायांची आग: गुळवेल सत्त्व, काशाची वाटी की मिरचीचं मलम?

रात्री पाय पांघरुणाबाहेर काढून थंड फरशीवर टेकवावे लागतात, असं सांगितलं की प्रत्येक जण वेगळा उपाय सुचवतो. त्यातले तीन इथे शेजारी ठेवतो. पण त्याआधी रक्ततपासणी करून घ्या: साखर, बी१२, थायरॉइड. शाकाहारी माणसांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत बी१२ कमी निघणं नेहमीचं आहे. त्या कमतरतेकडे दुर्लक्ष झालं, तर नसांचं नुकसान पुढे पूर्ण भरून येईलच असं नाही. म्हणून तिन्ही उपायांपेक्षा मी हे वरचं मानतो.

गुळवेल सत्त्व पुण्यात मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानांत सहज मिळतं. वेलीचं खोड ठेचून पाण्यात भिजवतात, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. दाहावर ते देण्याची परंपरा जुनी आहे, पाददाहाचं, म्हणजे पायांच्या आगीचं, वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. मधुमेही उंदरांवर गुळवेलीचे प्रयोगही झाले आहेत. पण परंपरा आणि उंदीर एवढ्यावर माणसाच्या पायांची आग थांबते असं म्हणता येत नाही. शिवाय सत्त्व म्हणजे बहुतांशी स्टार्च, त्यामुळे त्यात दुसरा स्टार्च मिसळला तरी डोळ्यांना कळत नाही. दुसरी बाजूही आहे. कोविडकाळात गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाली. देशातल्या 13 केंद्रांतल्या अशा 43 रुग्णांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने मात्र गुळवेलीचा यकृताच्या इजेशी संबंध जोडणं अमान्य केलं होतं. तरीही यकृताचा किंवा ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार असेल, तर मी ती घेऊ नका असंच सांगेन. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी कळवा. आयुर्वेदाकडेच जायचं असेल, तर स्वतःच्या मनाने पुडी आणण्यापेक्षा रास्ता पेठेतल्या ताराचंद रुग्णालयासारख्या ठिकाणी वैद्यांकडून नाडी-प्रकृती तपासून घ्या.

काशाच्या वाटीने तूप चोळलं की बरं वाटतं, झोपही लागते. तेवढ्यासाठी जरूर करा. तळवा काळा पडला म्हणजे उष्णता निघाली, हे मात्र खरं नाही. तो रंग काशातल्या तांब्याचा तूप आणि घामाशी संयोग होऊन येतो.

पुराव्यात सगळ्यांत पुढे आहे मिरचीतलं कॅप्सेसिन. मधुमेहामुळे नसा दुखावून होणाऱ्या आगीवर 0.075 टक्क्यांच्या मलमाच्या माणसांवर चाचण्या झाल्या आहेत. पायांच्या याच दुखण्यासाठी 8 टक्क्यांच्या पट्टीला अमेरिकेत 2020 मध्ये मान्यता मिळाली. मलम दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे लावावं लागतं, आणि सुरुवातीला आग वाढते. अनेक जण तिथेच सोडून देतात. भेगाळलेल्या त्वचेवर लावू नका, हात लगेच धुवा.

कारण मधुमेहाचं निघालं तर मी साखर आटोक्यात आणून, डॉक्टरांना विचारून मलम निवडेन. बी१२ कमी निघालं तर आधी तेच भरून काढेन. पाय बधिर असतील तर मसाजच्या मशीनवर ठेवू नका, जखम झालेली कळत नाही. आणि आग वर चढत असेल, चालताना पायांतला जोर कमी वाटत असेल, तर यातलं काहीही न करता लगेच न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.