मुलं घरी परतली: मधली खोली द्यावी की गच्चीवरची?

पुण्या-सुरतेची नोकरी सुटते, घरून काम करायची मुभा मिळते किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास घरीच करायचं ठरतं, आणि जळगाव-धुळ्याकडच्या घरांत खोलीचा प्रश्न उभा राहतो. मुलांची जुनी खोली तोवर कोठी झालेली असते. दादर ज्वारीची पोती, गव्हाच्या टाक्या, पाहुण्यांच्या गाद्या, खेड्यावर तर भाव चढायची वाट बघत ठेवलेला कापूसही. मग एक तर ही मधली खोली रिकामी करायची, नाहीतर गच्चीवरची नीट करायची.

गच्चीवरची चटकन पसंत पडते. जिना वेगळा असला तर रात्री उशिरापर्यंत मीटिंग चालली तरी खाली कुणाची झोप मोडत नाही. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती धग खोलीत सोडत राहतो. वर पत्रे असतील तर दुपारी तिथे बसणं अशक्यच. हवा कोरडी असल्यामुळे कूलर छान चालतो, मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. त्याला पाणीही भरपूर लागतं. नळ दोन-चार दिवसांआड येत असेल तर आधी टाकीचा विचार करा. पावसाळ्यात कूलरचा उपयोग नाही. एसी घ्यायचाच असेल तर खाली एक टनात भागतं, तेवढ्याच आकाराच्या वरच्या खोलीला दीड टन लागू शकतो. त्याआधी स्लॅबला चुना मारून बघा, फरक जाणवतो.

मधली खोली थंड असते, जुन्या जाड भिंतींच्या घरात तर फारच. अडचण एकच, पण मोठी: स्वयंपाकघराची वाट तिच्यातूनच जाते. कमावत्या माणसाला दार लावून बसता आलं नाही, तर महिन्याभरात घरात चिडचिड सुरू होते. वाट दुसरीकडून काढता येत असेल तरच ही खोली द्या. कापूस मात्र आधी हलवा. त्याच्याशेजारी झोपलं की अंगाला खाज सुटते, आणि बोर्डातली एक ठिणगीसुद्धा पुरते.

माझं मत असं: दिवसभर घरून काम असेल तर मधली, दिवसा बाहेर जाणं असेल तर वरची. आई-वडील आपलीच खोली देऊ करतील. ती घेऊ नका, रात्री उठावं लागणाऱ्या माणसाला बाथरूम जवळच हवं.

आणि लेक माहेरी परतली असेल तर तिला बैठकीतल्या दिवाणावर झोपवू नका. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चौकश्यांपुढे ती रोज उघडी पडते. तिला दाराची खोली आणि कपाटाची किल्ली पहिल्या दिवशीच द्या.

निर्णय शक्यतो होळीच्या आत घ्या. एकदा वर्षाचा नवा गहू भरला की कोठी हलवणं अवघड होतं, आणि उन्हाळ्याआधीच चुना मारून झालेला बरा.